पिवळ्या दिव्याचा आक्षेप

वाचकहो, ज्याने सारा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालविला, त्याने मोटारीच्या ब्रेकविषयी लिहावयास बसावे हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. मी यंत्रज्ञ नव्हे. १९८४ साली लेखापरीक्षण खात्यातील नोकरीनिमित्त मी कोलकात्यास आलो, हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात पहिले काही दिवस काढले, आणि पुढे येथलाच होऊन गेलो. सदतीस वर्षे मी सरकारी कागद चाळले व त्यांवर आक्षेप लिहिले. त्या काळात एका गोष्टीचा मला मनस्वी संताप येत असे. आपण विचारपूर्वक आक्षेप लिहावा आणि संबंधित अधिकाऱ्याने ‘पाहू पुढे’ म्हणून तो कागद फायलीत ढकलून द्यावा! अशा अधिकाऱ्यांना मी तिखट शब्दांत स्मरणपत्रे धाडलेली आहेत. २०२५ च्या नवरात्रात नेमका तोच अपराध माझ्या हातून घडला, आणि त्यापायी एका मुलाचा जीव जावयाचा तो थोडक्यात वाचला. आपल्यापैकी अनेकांच्या दारी आता विजेवर चालणारी मोटार आली असेल किंवा येऊ घातली असेल. म्हणून ती हकीकत, आणि तिच्यातून मी जे शिकलो ते, आपणांपुढे ठेवीत आहे.

आमच्या घरी अशी एक लहान मोटार आहे. ती मुलीने घेतली. परंतु तिचे बिऱ्हाड आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर असल्यामुळे गाडी दोन्ही घरांची झाली आहे. सात वर्षांच्या नातीला शाळेत पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असते. पेट्रोलच्या गाडीवर हात बसलेल्या मला या गाडीची एक रीत फार आवडली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपण होऊन मंद होते. त्या वेळी चाकेच मोटरला फिरवितात, मोटर जनित्राचे काम करू लागते आणि गाडीच्या वेगातील काही शक्ती वीज होऊन पुन्हा बॅटरीत जमा होते. खर्ची पडलेल्या रकमेचा काही भाग जमेच्या बाजूस परत यावा, तसाच हा प्रकार! यामुळे ब्रेकवर पाय ठेवण्याचा प्रसंग कमी येतो. काही महिन्यांत माझा पाय या सोयीवर अगदी विसंबून राहिला.

२२ सप्टेंबरला घटस्थापना झाली. त्या रात्री व २३ च्या पहाटे कोलकात्यावर जो पाऊस कोसळला तो येथले लोक पुष्कळ वर्षे विसरणार नाहीत. एका दिवसात सुमारे अडीचशे मिलिमीटर पाणी पडले. रस्त्यांच्या नद्या झाल्या. साचलेल्या पाण्यात विजेचा प्रवाह उतरून माणसे मृत्युमुखी पडली. आमची गाडी गल्लीत उभी होती. पाणी तिच्या चाकांच्या मध्यापर्यंत चढले, पण आत शिरले नाही. दोन दिवसांनी ती चालवून पाहिली. काही बिघाड दिसेना. दैवाने वाचलो असे आम्ही म्हटले.

शुक्रवारी, २६ तारखेला, नातीला शाळेत नेत असताना समोरच्या फलकावर दोन पिवळे दिवे एकदम लागले. एकात वर्तुळाच्या आत ‘एबीएस’ ही अक्षरे होती. दुसऱ्यात घसरणाऱ्या मोटारीचे चित्र होते. चढावर गाडी मागे न सरकू देणारी सोय बंद झाल्याची सूचनाही उमटली. मी ब्रेक दाबून पाहिला. तो नेहमीसारखा लागला. मुलगी कामानिमित्त पुण्यास गेलेली, शहर दुर्गापूजेच्या तयारीत बुडालेले, कारागीर सुट्टीवर जाण्याच्या बेतात. मी मनाशी म्हटले, “ब्रेक तर लागतो आहे, पाहू पुढे.” आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली होती. पाय उचलल्यावर गाडी पूर्वीसारखी मंद होत नव्हती. तो मनाचा भास असावा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी षष्ठी होती. गर्दी होण्यापूर्वी नातीला ठाकूर दाखवावे म्हणून सकाळी लवकर निघालो. नुकतीच एक सर येऊन गेली होती. गडियाहाटजवळ रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत. या शहरात विजेवरची ट्राम १९०२ साली सुरू झाली. आज बहुतेक मार्गांवरून ती नाहीशी झाली असली तरी तिचे रूळ पुष्कळ ठिकाणी रस्त्यात राहिले आहेत, आणि ओल्या लोखंडावर रबरी टायरची पकड किती थोडी असते हे सांगणे नलगे. झेंडूच्या माळा सायकलला टांगून एक पोरगा डावीकडून अवचित पुढे आला. मी सवयीने पाय उचलला. गाडी मंद झाली नाही. तेव्हा मी सर्व बळ एकवटून ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबेना! ती रुळांवरून तशीच घसरत चालली. चक्र उजवीकडे फिरविले, तरी तिने दिशा सोडली नाही. त्या मुलाच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ती उभी राहिली. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले, खाली पडलेली एक माळ उचलली आणि काही न बोलता तो निघून गेला. माझे हात थरथरत होते. शेजारच्या आसनावरून नात हळूच म्हणाली, “आजोबा, तो पिवळा दिवा परवापण होता ना?”

वाचकहो, सदतीस वर्षांत माझ्यावर कोणी असा आक्षेप घेतला नव्हता. गाडी घरी आणून मी किल्ली कपाटात ठेवली. पूजेचे चारही दिवस आम्ही पायी हिंडलो. मुलगी परत आल्यावर तिला सारे सांगितले आणि आम्ही दोघांनी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका प्रथमच नीट वाचली. तेव्हा त्या दिव्यांचा अर्थ उलगडला.

ओल्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते आणि टायर घसरू लागतो. घसरणाऱ्या टायरची पकड कमी होते. शिवाय पुढची चाके फिरत नसतील तर चक्र फिरवून गाडी वळविता येत नाही. हे टाळण्यासाठी अँटिलॉक ब्रेक, म्हणजेच एबीएस, निर्माण झाले. आज प्रचारात असलेल्या स्वरूपाचे एबीएस १९७८ साली बॉश या जर्मन कंपनीने मर्सिडीज गाडीसाठी पुरविले. भारतात २०१९ च्या एप्रिलपासून नव्या प्रवासी मोटारींना ते सक्तीचे झाले. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी किंवा चुंबकीय कडे चाकाबरोबर फिरते आणि त्याच्याजवळ बसविलेला सेन्सर त्या चाकाचा वेग सतत कळवीत असतो. चार चाकांचे चार आकडे एका संगणकाकडे जातात. ब्रेक दाबला असता एखाद्या चाकाचा आकडा इतरांच्या मानाने एकाएकी खाली आला, तर ते चाक अडकत आहे हे संगणक ओळखतो, त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर सैल करतो आणि पुन्हा वाढवितो. एका सेकंदात असे अनेकदा घडते. ट्रॅक्शन कंट्रोल हे याचेच दुसरे अंग होय. निघताना किंवा वेग घेताना एखादे चाक इतरांहून फार भरभर फिरू लागले, तर ते मोटरचा जोर आवरते अथवा त्या चाकाला हलका ब्रेक लावते. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. म्हणून अशा गाडीत ही राखण अधिकच महत्त्वाची.

हे वाचताना मला माझ्या कचेरीची आठवण झाली. चार वह्यांतील आकड्यांचा ताळा जमला तरच लेखापरीक्षक हिशेब प्रमाणित करतो. एक वही कोरी आली किंवा तिच्यातील आकडे विसंगत दिसले, तर अफरातफर झालीच असे तो म्हणत नाही; ‘मला हे प्रमाणित करता येत नाही’ एवढेच लिहितो आणि सहीस नकार देतो. पिवळा दिवा हा अगदी असाच नकार आहे. एका चाकाचा आकडा विश्वसनीय न राहिला की एबीएस स्वतःला बाजूस काढून घेते. ट्रॅक्शन कंट्रोल व चढावरची सोय त्याच आकड्यांवर चालत असल्यामुळे तीही बंद पडतात. म्हणून दिवे दोन लागले तरी बिघाड दोन असतील असे नव्हे. साधा ब्रेक शाबूत असतो. परंतु अडकणाऱ्या चाकाला सोडविणारा कोणी उरत नाही. विजेच्या अनेक गाड्यांत पाय उचलल्यावर मोटरने गाडी मंद करण्याची सोयही अशा वेळी कमी केली जाते किंवा थांबविली जाते. कारण निसरड्या रस्त्यावर मोटरची ओढही चाक अडकवू शकते, आणि ते अडकले की नाही हे सांगणारा साक्षीदारच गप्प झालेला असतो. मी ज्याला मनाचा भास समजलो, तो गाडीने दिलेला दुसरा इशारा होता.

पूजा संपल्यावर, ४ ऑक्टोबरला, गाडी एका मोठ्या कार्यशाळेत नेली. तेथील तंत्रज्ञाने तपासणीचे यंत्र जोडले, यंत्रातील नोंद पुसली, दिवे विझले, आणि आम्ही समाधानाने निघालो. दोन किलोमीटर जातो न जातो तोच दिवे परत! दुसऱ्या खेपेस त्यांनी सांगितले की एबीएसचा संपूर्ण संच बदलावा लागेल. खर्चाचा आकडा माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता. भयाने मी ‘बदला’ म्हणणारच होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही व्हाउचर पाहिल्यावाचून कधी बिल मंजूर केले होते का?”

त्या शब्दांनी मी भानावर आलो. कोजागरीनंतर दोन दिवसांनी आम्ही मल्लिक बाजारच्या बाजूला, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे, एका तरुण कारागिराकडे गेलो. वडिलांची जुनी गॅरेज सांभाळता सांभाळता त्याने विजेच्या गाड्यांचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. त्याने ज्या क्रमाने तपास केला तो क्रम मी वहीत लिहून घेतला.

हत्यारास हात लावण्यापूर्वी त्याने प्रश्न विचारले. दिवे केव्हा लागले? त्यापूर्वी गाडी पाण्यात होती का? टायर बदलले होते का? दिवे सतत असतात, की खड्ड्यातून जाताना लागतात? नंतर त्याने लहान बॅटरी मोजली. ही गोष्ट मला नवीन होती. एवढी मोठी बॅटरी असलेल्या गाडीतही दिवे, संगणक व एबीएस यांच्यासाठी १२ व्होल्टची एक लहान बॅटरी वेगळी असते. ती दुबळी झाली तर संगणक गोंधळतात आणि निरनिराळे इशारे एकदम उमटतात. आमची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवीत होती, आणि गाडी चालण्यास सज्ज केल्यावर १४ च्या आसपास. म्हणजे ती निर्दोष ठरली. मग त्याने ब्रेकच्या तेलाची पातळी पाहिली आणि चारही टायरांचा आकार, झीज व हवा ताडून पाहिली. कारण एक टायर वेगळ्या मापाचा असला तरी त्या चाकाच्या फेऱ्यांचा ताळा इतरांशी जमत नाही.

यानंतर त्याने यंत्र जोडले; पण नोंद पुसली नाही. प्रथम ती लिहून घेतली. पडद्यावर ‘सी ००४५’ असा संकेत होता. पुष्कळ गाड्यांत याचा अर्थ डाव्या मागच्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या मंडलात दोष, असा होतो. मी विचारले, “म्हणजे सेन्सर गेला का?” तो हसून म्हणाला, “मेशोमशाय, कोड म्हणजे पत्ता. चोर या गल्लीत शिरला एवढे कळले. कोणत्या घरात आहे ते चालत जाऊनच पाहावे लागते.” मंडल म्हणजे सेन्सर, त्याची तार, तारेचा जोड आणि त्यापुढील संगणक हे सारेच. मोठ्या कार्यशाळेने त्या गल्लीतील सर्वांत महागड्या घराचे दार प्रथम ठोठावले होते!

मग मुलीने गाडी हळू चालविली आणि तो शेजारी बसून पडद्यावरील चार आकडे पाहत राहिला. तीन चाके ताशी १८ किलोमीटर सांगत होती. चौथे कधी १८, कधी शून्य. खड्डा आला की शून्य ठरलेले. तार किंवा जोड सैल असल्याचे हे लक्षण, असे तो म्हणाला. सेन्सर मेला असता तर आकडा मुळीच दिसला नसता. जेथे दोन्ही बाजूंचे सेन्सर सारखे असतात तेथे त्यांची अदलाबदल करूनही पारख होते: दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर सेन्सर वाईट, जागेवरच राहिला तर तार अथवा कडे.

गाडी पूर्ण बंद करून, नेमून दिलेल्या जागीच जॅक लावून त्याने ती उचलली. तळाशी मोठी बॅटरी असल्यामुळे जॅक भलतीकडे लावणे धोक्याचे असते. डाव्या मागच्या चाकामागे तारेचा जोड होता. तो उघडल्यावर आत पिनांवर हिरवट गंज दिसला, आणि सेन्सरच्या तोंडाशी वाळलेल्या गाळाचा थर. २३ सप्टेंबरच्या पुराचे पाणी तेथवर पोहोचले होते. त्याने गाळ धुतला, पिना नव्या घातल्या, जोड पाण्यापासून बंदिस्त केला, आणि त्यानंतर नोंद पुसली. गाडी हलताच दोन्ही दिवे विझले. निर्मनुष्य रस्त्यावर बेताच्या वेगात त्याने एकदा जोराचा ब्रेक मारून दाखविला. पायाखाली ब्रेकची पट्टी थरथरली आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. त्याची मजुरी आमच्या घरच्या चार दिवसांच्या बाजारखर्चाइतकी झाली.

आता माझ्या वहीतील काही नोंदी आपल्या उपयोगासाठी देतो. गाडी चालू करताच हे दिवे काही क्षण लागून विझले पाहिजेत. ती त्यांची रोजची हजेरी आहे. एबीएसचा दिवा मुळीच न लागला तर तोही दोषच समजावा. निसरड्या जागी ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला तर यंत्र आपले काम करीत आहे असे जाणावे. तो सतत लागून राहिला, आणि ती सोय आपणच बटणाने बंद केलेली नसेल, तर बिघाड आहे. पिवळ्या दिव्यासह गाडी चालवावीच लागली तर वेग कमी ठेवावा, पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखावे आणि ब्रेक हळूहळू वाढवीत दाबावा. चाक अडकल्याचे जाणवताच क्षणभर सोडून पुन्हा दाबावा. एबीएस ठीक असता मात्र संकटसमयी ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि पायाखालच्या थरथरीला भिऊन पाय काढू नये. ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूस घेऊन थांबावे. मग ‘घरापर्यंत तरी जाऊ’ हा विचारही मनात आणू नये. पुराचे पाणी गाडीच्या आत शिरले असेल तर ती चालू करू नये, चार्जिंगलाही लावू नये. आणि नारिंगी आवरणाच्या तारांना घरगुती उत्साहाने हात लावू नये. त्यांतील विजेचा दाब प्राणघातक असतो. बॅटरी, तेल, टायर आणि प्रश्न एवढे आपले काम, पुढचे जाणत्याचे.

कार्यशाळेत गेल्यावर दोन गोष्टी नम्रपणे मागाव्यात: नोंद पुसण्यापूर्वी ती लिहून द्या, आणि भाग बदलण्यापूर्वी चारही चाकांचे आकडे आम्हांस दाखवा. हे विचारण्यात कोणाचा अवमान नाही. प्रामाणिक कारागीर उलट आनंदाने दाखवील, असा माझा अनुभव आहे.

तो माळावाला मुलगा मला पुन्हा दिसला नाही. गडियाहाटच्या रुळांवरून जाताना मी अजून त्याला शोधतो. नातीने मात्र एक काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. रोज सकाळी गाडी सुरू झाली की ती पुढे वाकून फलकावरचे दिवे एकेक करून विझताना मोजते, आणि सर्व विझले की मगच म्हणते, “चला आजोबा.” तिची ही सही मिळाल्यावाचून मी गाडी हलवीत नाही.